मॉडिफाय केलेली हिमालयन आणि सोलापूरचं ऊन: जादा ऑइल कूलर लावायचा का, लावला तर कुठं?

विजापूररोडकर

मालकलोक, नमस्कार. सोलापुरातल्या आणि सोलापूरसारख्या तापणाऱ्या गावातल्या मंडळींचा सल्ला पाहिजे.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमातली), इंजेक्शनवाली. कंपनीची होती तोवर तापण्याची काडीची तक्रार नव्हती. दिवाळीनंतर मोठा सिलिंडर-पिस्टन टाकला, फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, इंजेक्शनचा मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचं कोष्टक) बदलणारी डबी जोडली. थंडीत गाडी झकास पळाली. तुळजापूरच्या घाटात आधी गिअर पाडावा लागायचा, तिथं आता वरच्याच गिअरवर चढते. पण मार्च सरला आणि रंग बदलला. पुणे रोडला मोहोळ सोडून सलग ९०-९५ नं चालवली की टेंभुर्णी येईपर्यंत गिअर जड पडतात, न्यूट्रल सापडत नाही. शहरात त्याहून वाईट. सात रस्त्याच्या गर्दीत पाच-दहा मिनिटं अडकलं की मांडी भाजून निघते आणि टॅपेट (इंजिनाच्या डोक्यातले, व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजायला लागतात. गाडी तापायलीय हे नक्की.

कंपनीचा ऑइल कूलर (इंजिन ऑइल वाऱ्यावर थंड करणारी छोटी जाळी) पुढं आहेच. माझ्याकडं पल्सर २२० चा एक जुना कूलर पडून आहे. तो जादा म्हणून जोडावा असं डोक्यात आहे. उपयोग होईल का? कंपनीच्या कूलरला एका ओळीत जोडायचा की दोघांना वेगळ्या नळ्या काढायच्या? आणि बसवायचा कुठं? एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "२०डब्ल्यू५० ऑइल टाका, विषय संपला." मला ते पटेना. कूलरचा आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूचा फोटो जोडला आहे.

पंढरीची_वाट

तापायलीय म्हणजे किती, ते आधी सांगा भाऊ. मांडी भाजते त्यावरून ऑइलचा अंदाज येत नाही. मांडीला लागते ती सिलिंडरच्या फिन्सवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांवरून) आणि सायलेन्सरच्या बेंडवरून आलेली हवा. मे महिन्यात भर दुपारी माझी कंपनी-फिटिंगची गाडीसुद्धा पंढरपूर-सोलापूर रस्त्यावर भाजते.

ऑइलचं तापमान मोजा. ड्रेन बोल्टच्या जागी बसणारा सेन्सर मिळतो. नाही मिळाला तर जादाचा एक ड्रेन बोल्ट घेऊन टर्नरकडून त्यात सेन्सरचे आटे पाडून घ्या. लेझरची बंदूक इंजिनावर रोखून आकडा टिपू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. वापरायचीच असेल तर केसिंगवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा. तरीही तो आकडा धातूचा, आतल्या ऑइलचा नव्हे.

जाड ऑइलचं म्हणाल तर कंपनी १५डब्ल्यू५० सांगते. २०डब्ल्यू५० मधला मागचा ५० तोच आहे, म्हणजे गरम झाल्यावर दोन्ही सारखीच जाड. फरक पडतो तो सकाळी थंड इंजिन चालू करताना, आणि तोही उलटा. त्या सल्ल्यानं तुमचा प्रश्न सुटणार नाही.

रेडिएटरवाले_मामा

माझं रेडिएटरचं काम, वडिलांपासून चालत आलेलं. ट्रक, ट्रॅक्टर, उसाचं हार्वेस्टर, जनरेटर, सगळं येतं. पोरानं धागा वाचून दाखवला, मी सांगतोय तसं तो लिहितोय.

तुमचा फोटो मोठा करून बघितला. कूलरच्या खालच्या तीन-चार ओळींत उजेड पार दिसत नाही. काळी माती बसलीय. आपल्याकडची माती पावसात चाकानं उडते, फिन्समध्ये शिरते आणि उन्हात वाळली की सिमेंट. वर उसाच्या पाचटाचा भुसा चिकटतो. कारखाने चालू असताना पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट कुठल्याही रस्त्यानं जा, ट्रॉलीतून उडणारं पाचट येऊन जाळीवर बसतं. असा कूलर पाच ओळींचा दिसला तरी काम दोन ओळींचंच करतो. जादा कूलर नंतर बघू, आधी हा धुवा.

धुवायची पण रीत आहे. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा समोरून मारू नका. फिन्स कागदासारख्या पातळ असतात, आडव्या पडतात, आणि आडवी पडलेली फिन माती अडकलेल्या फिनपेक्षा वाईट, कारण ती परत धुऊन उघडत नाही. कूलर सोडवून घ्या. नळ्यांच्या तोंडांना बूच मारा. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. मग मागच्या बाजूनं, म्हणजे वारा जिकडून बाहेर पडतो तिकडून, साध्या पाईपनं पाणी सोडा. माती जशी आत गेली तशीच उलटी बाहेर येते. आडव्या फिन्स जुन्या ब्लेडच्या पाठीनं एकेक सरळ करा. कंटाळवाणं काम आहे. पण उजेडात धरल्यावर सगळीकडून सारखा उजेड दिसला पाहिजे.

जुना पल्सरचा कूलर आतून कुणी बघितलाय का? ज्या इंजिनावरून उतरवला ते इंजिन जाम होऊन निघालेलं असेल तर त्याच्या पोटात लोखंडाचा नि पितळेचा चुरा असणार. रॉकेल किंवा डिझेल भरून हलवा, पांढऱ्या फडक्यावर ओता, परत भरा. फडक्यावर चमक दिसायची थांबेपर्यंत. दिसतच राहिली तर तो कूलर भंगारात द्या. ऑइल फिल्टरमधून निघाल्यावरच्या वाटेवर तो जोडला गेला तर ती चमक सरळ बेअरिंगला जाईल.

मृदुला_तापशास्त्र

मामांनी सांगितलं ते सगळ्यात आधी करा. मी अभियांत्रिकीला हाच विषय शिकवते, म्हणून हिशेबाची बाजू मांडते.

कूलर किती उष्णता टाकेल हे ढोबळमानानं दोन गोष्टींवर ठरतं: ऑइल आणि हवा यांच्या तापमानातला फरक, आणि फिन्समधून जाणारी हवा. ऑइल १२० अंशांवर आहे असं धरा. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंश असेल तर फरक १०५. मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ असेल तर फरक ७६. म्हणजे तोच कूलर, तोच वेग, पण काम पाव भागाहून थोडं जास्तच कमी. त्यात रस्त्यालगतची हवा वेधशाळेच्या ४४ पेक्षा गरम असते, कारण डांबर त्या वेळी ६० च्या पुढं गेलेलं असतं. तुमचा सिलिंडर मोठा झाल्यानं उष्णता वाढली आणि ऋतूनं कूलरची ताकद कमी केली. थंडीत जाणवलं नाही याचं कारण हेच.

ऑइलचं आयुष्य हाही मुद्दा आहे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जुना ठोकताळा आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ९० ते १२० अंश ही नेहमीची गोष्ट. १३० च्या वर सतत राहत असेल तर जादा कूलरचा विचार योग्य. ११५ असेल तर निव्वळ खर्च.

गड्डा_रायडर

मॅपवाल्या डबीचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. सिलिंडर मोठा केला आणि सायलेन्सर मोकळा केला की इंजिन हवा जास्त ओढतं. पेट्रोल त्या मानानं वाढलं नाही तर मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रणावर सलग ओढलेलं इंजिन आतून भाजतं. ती उष्णता पिस्टनच्या डोक्यावर तयार होते, ऑइल कूलर तिथं पोचत नाही. डबी लावली म्हणजे ट्यून झालं असं होत नाही, तिच्यात तुमच्या इंजिनासाठीचे आकडे भरावे लागतात.

९० च्या वेगावर बरंच अंतर चालवून क्लच दाबा, तिथंच इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या आणि प्लग काढून बघा. प्लगच्या टोकाचं पोर्सिलेन पांढरं फटक असेल, वर बारीक दाणे दिसत असतील तर कूलर विसरा आणि आधी डायनोवर (जागेवर चाक फिरवून इंजिन तपासायच्या मशीनवर) गाडी न्या. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक.

विजापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कामाला लागलो.

प्लग पांढरा निघाला. डायनोवर मॅप नीट करून घेतला. वरच्या आरपीएमला मिश्रण खरंच पातळ होतं. आता प्लग तपकिरी आहे, आणि मॅप झाल्यावर टॅपेटचा आवाजही कमी झाला.

ड्रेन बोल्टमध्ये सेन्सर बसवला. मॅप झाल्यावर, पण कूलर धुण्याआधी, पुणे रोडला दुपारी १३८ अंश. मामांच्या पद्धतीनं कूलर धुतला. रात्रभर भिजवलेल्या पाण्याच्या तळाशी बोटभर काळा गाळ बसला होता. परत त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला गेलो तर १३१. शहरात मात्र अजून १३४-३५ ला टेकतो आणि खाली यायला वेळ लावतो.

म्हणजे बरंचसं सुटलं, पण उन्हाळ्यात १३० च्या वरच आहे. जादा कूलरची गरज उरलीय असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

मृदुला_तापशास्त्र

चूक नाही. आता गरज आकड्यांवरून दिसतेय.

एका ओळीत जोडा. दोन वेगळ्या वाटा काढल्या तर ऑइल सोप्या वाटेनं जातं. दोन्ही कूलरचा अडथळा सारखा नसेल तर एकातून भरपूर आणि दुसऱ्यातून नावाला, आणि तुमचे दोन्ही कूलर वेगळ्या मापाचे आहेत. एका ओळीत दोन्हीतून सगळं ऑइल जातं. त्याची किंमत म्हणजे थोडा दाब कमी होतो. म्हणून नळीचा आतला व्यास कंपनीच्या नळीपेक्षा कमी नको, आणि काटकोनातले सांधे जितके टाळता येतील तितके टाळा. प्रत्येक काटकोन दाब खातो.

कंपनीच्या कूलरमधून इंजिनात परत जाणारी नळी तोडून तिच्यात दुसरा बसवा.

सिद्राम_टर्नर

नळ्यांचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे.

पेट्रोलचा पाईप किंवा रेडिएटरचा रबरी पाईप आणून वर स्क्रूची क्लिप आवळायची, असलं काही करू नका. सकाळी थंड ऑइल जाड असतं, तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. क्लिपमधून पाईप निसटला तर सगळं ऑइल मागच्या टायरवर. जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं एमआयडीसीत आहेत. तिथं कंपनीची नळी नमुन्याला न्या, त्याच मापाचा, तारेच्या जाळीचा, गरम ऑइल सोसणारा होज घ्या आणि तोंडं मशीनवर दाबून घ्या. लांबी घ्यायच्या आधी हँडल डाव्या-उजव्या टोकापर्यंत फिरवून बघा, पुढचं सस्पेन्शन दाबून बघा. होज कुठं ताणला गेला नाही पाहिजे आणि सायलेन्सरच्या बेंडपासून चार बोटं लांब राहिला पाहिजे.

बॅन्जो बोल्टला (ज्याच्या पोटातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूला तांब्याचा वायसर. जुना वायसर परत वापरायचा तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतो, मग नीट बसतो. टेफलॉन टेप अजिबात नको. तिचा दोरा सुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकला तर वरच्या टॅपेटला ऑइल मिळणार नाही. इंजिनाच्या केसिंगमधले आटे ॲल्युमिनियमचे आहेत, टॉर्क पान्यानंच आवळा. आटे खाल्ले तर मग माझ्याकडं यावं लागेल, आणि ते काम स्वस्तात होत नाही.

कूलर फ्रेमला सरळ बोल्टनं टाईट करू नका. मोठा एकच सिलिंडर, झटके देतो. मध्ये रबरी बुश पाहिजेच, नाहीतर कोपऱ्यातल्या झाळाला चीर जाते. लोखंडी पट्टी ३ मिमीची घ्या, दोन ठिकाणी वाकवलेली, आणि कूलर तीन ठिकाणी धरा.

बर्फातला_सोलापूरकर

मी मूळचा जुळे सोलापूरचा, आता कॅनडात क्युबेकमध्ये असतो. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण मी नेमकं हेच काम या हिवाळ्यात केलं, फक्त वाहन वेगळं: स्नोमोबाईल. माझ्याकडं ८०० सीसी वर्गातली टू-स्ट्रोक आहे, तिला मागच्या मालकानं टर्बो बसवला होता. बाहेर उणे १५ आणि गाडी तापून दिवा लावायची.

सोलापूरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटलं होतं. कारण समजून घ्या. बहुतेक पाण्यावर थंड होणाऱ्या स्नोमोबाईलला पुढं मोटारीसारखा जाळीचा रेडिएटर नसतो. पट्टा ज्या ॲल्युमिनियमच्या बोगद्याखाली फिरतो, त्या बोगद्याच्या छताला आतून लांब चपटे कूलर असतात. फिरणारा पट्टा खालचा बर्फ उडवून त्या कूलरवर फेकतो, बर्फ वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. ताजा भुसभुशीत बर्फ असला की तापमान काट्यासारखं स्थिर. पण गोठलेल्या तळ्यावर किंवा दाबून टणक झालेल्या वाटेवर आलात की पट्टा काही उडवतच नाही. कूलर कोरडा. बाहेर उणे १५ असून इंजिन तापतं, कारण कूलरपर्यंत काही पोचत नाही. त्यासाठी लोक मागं स्प्रिंगचे काटे लावतात, ते टणक बर्फ खरवडत राहतात आणि त्याचा भुगा वर उडतो. इकडं त्यांना स्क्रॅचर म्हणतात.

टर्बोमुळं उष्णता वाढली, म्हणून मी बोगद्याच्या पुढच्या उभ्या भिंतीला आणखी एक कूलर लावला. तिथं पट्टा वर वळतो, बर्फ सगळ्यात जोरात आपटतो. छताला जागा होती, काम सोपं झालं असतं, पण तिथं बर्फ कमी पोचतो. रिव्हेट ड्रिल करून काढले, पट्ट्याचं सगळ्यात वरचं दात कूलरला घासत नाही ना ते चाक हातानं फिरवून पाहिलं, मग नवीन रिव्हेट मारले. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. आणि हवा काढणं: नव्या कूलरमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर पाणी फिरतच नाही. गाडीचं नाक उंच करून, इंजिन चालू ठेवून, टाकीचं झाकण उघडं ठेवून हवा बाहेर येऊ द्यावी लागते. मग नव्या कूलरला हात लावून बघायचं. दोन्ही टोकं गरम लागली म्हणजे पाणी फिरतंय.

विजापूररोडकर, म्हणून सांगतो, जागा निवडताना रिकामी जागा बघू नका, वारा कुठं आपटतो ते बघा. आणि हवेचं तुमच्याकडंही लागू आहे. कूलरची तोंडं वरच्या बाजूला येतील असा बसवा. हवा वर येऊन निघून जाते, आणि गाडी उभी असताना ऑइल खाली ओघळून कूलर रिकामा होत नाही. नाहीतर रोज सकाळी इंजिन आधी कूलर भरत बसेल आणि टॅपेट तेवढा वेळ कोरडे वाजतील.

मृदुला_तापशास्त्र

बर्फातले सोलापूरकर, फार छान माहिती. त्यात एक हिशेब जोडते. १ किलो बर्फ नुसता वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. तेवढीच उष्णता आपल्या हवेनं न्यायची म्हटलं आणि हवा फिन्समधून जाताना २० अंशांनी तापते असं धरलं, तर साधारण १६ ते १७ किलो हवा लागते. ४४ अंशांच्या हवेत हे १५ घनमीटर झाले, म्हणजे एक छोटी खोली भरून हवा. तुमच्या कूलरला किलोभर बर्फानं जे मिळतं त्यासाठी इथं एवढा वारा ओढावा लागतो. सिग्नलला उभ्या गाडीला तो मिळत नाही. विजापूररोडकरांचा शहरातला आकडा हायवेपेक्षा जास्त आहे त्याचं उत्तर यात आहे, आणि दुसरा कूलर लावला तरी उभ्या गाडीवर त्याचा फायदा थोडाच होईल. गर्दीसाठी पंखा लागेल.

पंढरीची_वाट

पंख्याला माझा विरोध आहे. धूळ, पाणी, काळी माती, वर वायरिंगचा पसारा. हिमालयनवर तो दोन पावसाळे टिकणार नाही. शहरात तापली तर सिग्नलला इंजिन बंद करावं.

गड्डा_रायडर

बंद केल्यावर ऑइल फिरायचंही थांबतं, आणि सिलिंडर हेडमधली उष्णता जागच्या जागी मुरते. अर्ध्या मिनिटाच्या सिग्नलला बंद करून फार काही मिळत नाही, पाच मिनिटं अडकलात तर जरूर करा. पंखा लावायचा तर पाणी सोसणारा, सीलबंद मोटारीचा घ्या. कूलरच्या मागं, हवा ओढणारा. चारी बाजूंनी पत्र्याची चौकट पाहिजे, नाहीतर पंखा कडेची गरम हवाच गोल फिरवतो. रिले वापरा, फ्यूज स्वतंत्र, आणि लाईन इग्निशनवरून, म्हणजे चावी काढली की बंद. चालू-बंद तापमानाच्या स्विचवर सोडा. चालत्या गाडीत पंखा फिरायची गरज नाही.

कायदेकानून_सात_रस्ता

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, एकच आठवण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर नोंदलेली सीसी आणि गाडीतली सीसी वेगळी असेल तर तो बदल बेकायदेशीर ठरतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. कूलरचं त्यात काही नाही, सिलिंडरचं आहे. आरटीओत विचारून घ्या, हे मनापासून सांगतोय.

विजापूररोडकर

कायदेकानून, मुद्दा मान्य आहे. विचारतो आणि काय निघेल ते इथं लिहितो.

कूलर बसला. इतरांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

पल्सरचा कूलर मामांनी सांगितल्याप्रमाणे डिझेलनं धुतला, फडकं स्वच्छ निघालं. मग दोन्ही तोंडांना बूच मारून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू भरली आणि बादलीत बुडवला. एकही बुडबुडा नाही.

जागेसाठी बर्फातल्या सोलापूरकरांचं ऐकलं. पुढच्या फ्रेमवर, टाकीच्या कडेला आणि इंजिनाच्या बाजूला, अशा ज्या जागा सुचत होत्या तिथं लोकरीचे तुकडे चिकटपट्टीनं लावले आणि मित्राला शेजारून मोटरसायकलवर मोबाईलनं शूटिंग करायला सांगितलं. होटगी रोडला पहाटे, रस्ता मोकळा असताना. फार कामाचं निघालं. कंपनीच्या कूलरच्या खाली जी जागा मला सगळ्यात सोयीची वाटत होती तिथली लोकर नुसती लोंबत होती, मधूनच उलटी पुढं यायची. पुढच्या चाकामागं हवा घुटमळते, हे डोळ्यांनी दिसलं. टाकीच्या पुढं डाव्या बाजूला जी लोखंडी चौकट आहे, तिच्या बाहेरच्या कडेवरची लोकर मात्र आडवी ताणून धरली होती. कूलर तिथं बसवला, तोंडं वर, रबरी बुशांवर, तीन ठिकाणी धरून. समोर बारीक जाळी, दगडासाठी.

होज एमआयडीसीत दाबून घेतले. पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर थोडा थोडा मारला, कूलर आणि नळ्या भरेपर्यंत. मग प्लग लावून चालू केलं, बंद केलं, थांबून काचेत बघितलं तर ऑइल खालच्या रेषेखाली. नव्या कूलरनं आणि नळ्यांनी जेवढं पोटात घेतलं तेवढं वरून भरलं.

पुणे रोड, दुपार, हवा ४३, तोच वेग: १३१ चे ११९. दोन्ही होजना हात लावून बघितले तर कूलरमध्ये जाणाऱ्यापेक्षा परतीचा स्पष्ट थंड. गिअर टेंभुर्णीपर्यंत मऊ राहिले. शहरात १३५ चे १३०, मृदुलाताईंनी सांगितलं तसंच, फरक कमी. पंखा अजून लावला नाही. या उन्हाळ्यात दुपारची शहरातली चक्कर स्कूटरवर मारतो, पुढच्या वर्षीचं तेव्हा बघू.

रेडिएटरवाले_मामा

चांगलं काम झालंय. फोटोत जाळी दिसतीय, तिची भोकं फार बारीक घेऊ नका. माशीएवढं भोक असलं तर पाचट जाळीवरच साठतं आणि वारा अडतो. हरभऱ्याचा दाणा जाईल एवढं भोक ठेवा.

दुसरं, थंडीचं. डिसेंबरात पहाटे निघालात आणि गावातल्या गावात फिरलात तर दोन कूलर मिळून ऑइल तापूच देणार नाहीत. ऑइल ८० च्या खाली राहिलं की इंजिनात साचलेलं दमट पाणी उडत नाही, झाकणाखाली ताकासारखा फेस दिसतो. तो दिसला तर समजा. एकतर मध्ये थर्मोस्टॅट बसवा, थंड असताना ऑइल कूलरला वळसा घालून जातं, गरम झालं की वाट उघडते. नाहीतर दिवाळी झाली की नव्या कूलरसमोर पत्र्याचं झाकण लावा आणि होळीला काढा. आमचे जुने ट्रकवाले थंडीत रेडिएटरसमोर पोतं बांधायचे, तेच.

विजापूररोडकर

मामा, थर्मोस्टॅटच बसवतो, झाकण लावायचं-काढायचं विसरण्याची भीती नको. त्याचे सांधे पण सिद्राम टर्नरनी सांगितलेल्या तांब्याच्या वायसरवरच घेऊ ना, की त्याला ओ-रिंग असते?

सिद्राम_टर्नर

तोंड बॅन्जोचं असेल तर तांब्याचा वायसर. तिरक्या कोनाचं फिटिंग असेल तर काहीच नको, धातूवर धातू बसतो, तिथं वायसर घातलात तर गळेल. ओ-रिंगची खाच असेल तर ओ-रिंग, पण साधी काळी नको, गरम ऑइलला चालणारी व्हायटॉनची मागा. आणि आता बसवलेल्या सांध्यांवर पुढचे काही दिवस गाडी थंड असताना बोट फिरवून बघा. बोटाला ओल लागली तर परत आवळण्याआधी वायसर बदला.